तळमजला म्हणजे शून्य

मला हे करायला कोणी सांगितलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. इमारतीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी संगणकावर एक पान तयार करावं ही कल्पना सर्वस्वी माझी. पुढे जे झालं त्याबद्दल मी आमच्या इमारतीच्या अध्यक्षांना, शेजारच्या दंतवैद्यांना आणि एकदा रागाच्या भरात स्वतःच्या मुलीलाही जबाबदार धरलं, पण कल्पना माझीच होती.

निमित्त झालं दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीकाकांचं. ते मंगळवारी सकाळी न्हाणीघरात घसरून पडले आणि बुधवारी संध्याकाळी सापडले, तेही सांजेच्या दूधवाल्याला दाराशी कालची पिशवी तशीच दिसली म्हणून. पायाला प्लास्टर घालून घरी आले तेव्हा ते कोणावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दीड दिवस कोणाला काहीच वाटलं नाही होय?" आम्ही सात-आठ जण जिन्यात उभे होतो. सगळे एकमेकांच्या चपला बघायला लागलो.

पाणीपुरवठा खात्यात मी चौतीस वर्षं नोंदवह्या सांभाळल्या. कोणत्या गल्लीत पाणी आलं आणि कोणत्या गल्लीत नाही, हे मला खुर्चीवरून न उठता कळायचं. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि घरात मी नुसताच हिंडत असतो अशी बायकोची तक्रार होती. तेव्हा मी योजना आखली. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाने सकाळी नऊच्या आत फोनवर 'मी ठीक आहे' असं बटण दाबायचं. ज्याने दाबलं नाही त्याचं नाव माझ्या पानावर लाल अक्षरांत येणार, आणि मी जाऊन दार वाजवणार. सगळ्यांनी दाबलं तर एकच हिरवी ओळ: सगळे ठीक आहेत.

माझी मुलगी परगावी संगणकाची अशी पानं बनवायचंच काम करते. तिला मी फोनवर सांगितलं, की पान चालवायची जावास्क्रिप्ट नावाची भाषा मी शिकतोय. तिने ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, मी करून देऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे." हा 'अर्धा तास' मला चांगलाच झोंबला. त्या अर्ध्या तासाच्या कामाला मी पुढे पावणेदोन महिने घेतले, यावरून ते किती काळजीपूर्वक केलं हे कोणाच्याही लक्षात यावं.

शिकवणी फोनवर सुरू झाली. "एक्स्प्रेशन म्हणजे असं काहीही, ज्याचं शेवटी एक उत्तर निघतं," मुलीने सांगितलं. "दोन अधिक तीन हे एक्स्प्रेशन, कारण त्याचे पाच निघतात." मी वहीत लिहून घेतलं. या व्याख्येप्रमाणे आमच्या इमारतीच्या सभेत आजवर एकही एक्स्प्रेशन झालेलं नाही. मधे बसून काम करणारी जी चिन्हं असतात ते ऑपरेटर. && हे कडक चिन्ह. दोन्ही बाजूंनी 'हो' आलं तरच हो. आमच्याकडे प्रवासाला जायचं ठरतं ते असं. || हे मवाळ. कुठूनही एक 'हो' आलं की पुरे; माझ्या मेव्हण्याचा आमच्याकडचा मुक्काम वाढतो तो असा. आणि पुढे उद्गारचिन्ह लावलं की 'हो'चं 'नाही' होतं. हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. बायको जोरात 'हो!' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय, हे मला एकोणतीस वर्षं माहीत आहे.

पहिला घोटाळा अधिक चिन्हाने केला. जिन्याच्या डाव्या बाजूला एकटे राहणारे पाच आणि उजव्या बाजूला दोन, असे आकडे मी रकान्यात भरले आणि बेरीज मागितली. सात यायच्या ऐवजी पानावर आलं: बावन्न. रकान्यात भरलेलं सगळं त्याला मजकूर वाटतं, आणि दोन मजकुरांमध्ये अधिक आलं की ते त्यांना शेजारी शेजारी चिकटवून ठेवतं, हे मला नंतर कळलं; मग मी अंकांचे सगळे रकाने मजकुराऐवजी आकडे म्हणून वाचायला लावले. तोवर अध्यक्षांनी ते पान बघितलं होतं. सोळा घरांच्या इमारतीत बावन्न एकटी माणसं म्हटल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "परस्पर पोटभाडेकरू ठेवताहेत लोक," असं म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी घरोघर पाहणी केली. पहिल्या मजल्यावरच्या घड्याळजींच्या माळ्यावरही चढून बघितलं. माफी अर्थात मी मागितली.

सल्ले मात्र मुबलक मिळाले. दंतवैद्यांनी सुचवलं, की शेजारीच 'दात घासले' असं दुसरं बटण ठेवायला काय हरकत आहे. घड्याळजी म्हणाले, "नऊ म्हणजे कोणाचे नऊ?" त्यांच्या घरात एकवीस घड्याळं आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही दोहोंचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे प्रश्न रास्त होता. अध्यक्षांनी रीतसर अर्ज छापून घेतला: नाव, मजला, फोन, सही. मजला फक्त अंकात लिहावा अशी तळटीप. आणि तळमजल्याचं काय, असं मी विचारल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत सांगितलं, "शून्य. एवढं कळत नाही?"

तळमजल्यावर एकटी राहते ती माझी आत्या. वय एकोणऐंशी. एका मोठ्या रुग्णालयात ती तीस वर्षं सिस्टर होती, त्यातली शेवटची बारा अख्ख्या वॉर्डाची मुख्य. आमच्याकडे राहायला ये म्हटलं तर म्हणते, "मला माझं दार आहे. ते मी आतून लावणार आणि मीच उघडणार." अर्जात मजल्यापुढे तिने लिहिलं होतं, 'इमारत बांधल्यापासून आहे तोच.' अध्यक्षांनी ते खोडून तिथे लाल शाईने शून्य काढलं.

खरं म्हणजे तिच्यासाठी मला पानाची गरजच नव्हती. मी रोज सकाळी नऊच्या सुमारास खाली जात असे. ती चहा करायची, माझं वजन, माझा शर्ट आणि माझी मुलीला न लिहिलेली पत्रं यांवर बोलायची, आणि दहा मिनिटांनी "जा आता, कामं आहेत मला" म्हणून उठवायची. पण पान तयार झालं आणि मला नऊ वाजता पडद्यासमोर हजर राहावं लागणार होतं. शिवाय तीन मजले खाली आणि तीन मजले वर म्हणजे माझ्या गुडघ्यांना रोजचीच शिक्षा. मी आत्याला म्हटलं, "आता तू नुसतं बटण दाब, मला वरच कळेल." तिने फोन हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाली, "बरं." एवढंच.

उद्घाटनाच्या सकाळी नऊला मी पान उघडलं आणि सगळीच्या सगळी नावं लाल. माझी पाचावर धारण बसली. मी ओरडलो, दंतवैद्य हातातलं दात कोरायचं यंत्र तसंच घेऊन धावले, आणि आम्ही दोघांनी सगळ्या मजल्यांवर दारं बडवली. शिंपीकाका प्लास्टरसकट उठून आले. घड्याळजींनी दार उघडलं तेव्हा दंतवैद्यांच्या हातातलं यंत्र बघून परत लावून घेतलं. आत्या म्हणाली, "दाबलं की मी. आठला." सगळ्यांनीच दाबलं होतं.

"ती ओळ वाचून दाखवा," मुलगी फोनवर म्हणाली. मी वाचली: जर बटण, मग बरोबरचं चिन्ह, मग 'नाही' हा शब्द, तर नाव लाल करा.

"किती वेळा बरोबर लिहिलंय?"

"एकदा. बरोबर म्हणजे बरोबर. किती वेळा लिहायचं?"

"बाबा, एक बरोबर म्हणजे तुम्ही विचारत नाही, सांगताय. 'बटण नाही दाबलेलं, असं धर,' असा हुकूम सोडलात. मग ते सगळ्यांचं 'नाही' करून बसलं. विचारायचं असेल तर तीन लिहायचे."

"सांगायचीच सवय आहे त्यांना," बायको आतून म्हणाली. फोन मी स्पीकरवर ठेवायला नको होता.

ते दुरुस्त केलं. पण त्या लाल यादीत अध्यक्षांना एक नाव दिसलं होतं, ज्याच्यापुढे मजलाच नव्हता. या सातांखेरीज चौथ्या मजल्यावरच्या एक बाई अर्ज अर्धा भरून मुलाकडे राहायला गेल्या होत्या. "अर्धवट अर्ज यादीत येता कामा नयेत," अध्यक्षांनी लेखी कळवलं. मग मी कडक चिन्ह वापरलं. मजला भरलेला असेल आणि बटण दाबलेलं नसेल, तरच नाव लाल. शिंपीकाकांना एक दिवस मुद्दाम बटण दाबू नका म्हणून सांगितलं. त्यांचं नाव आलं, त्या बाईंचं आलं नाही. अध्यक्षांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्यानंतर तीन आठवडे मी रोज नऊला चहाचा कप घेऊन ती हिरवी ओळ वाचत होतो. सगळे ठीक आहेत. कुठेही न जाता इमारतीची काळजी घेणारा मीच, असं मला वाटायचं, आणि दुसऱ्या कपाची चव आणखी छान लागायची. आत्याकडे त्या तीन आठवड्यांत दोनदा जाऊन आलो असेन. ती ठीक आहे हे कळतच होतं.

मग एका गुरुवारी पलीकडच्या इमारतीचे अध्यक्ष पान बघायला आले. त्यांनाही तसं हवं होतं. आमच्या अध्यक्षांनी "समितीने तयार केलेलं पान" अशी ओळख करून दिली. मी ते गिळलं. हिरवी ओळ दाखवली. पाहुणे खूश झाले आणि म्हणाले, "प्रत्यक्ष वापरणारं कोणी बघायला मिळेल का?" मी त्यांना आत्याकडे नेलं. ती माझी, म्हणून थोडा अभिमान होता.

दार उघडायला तिला बराच वेळ लागला. माझी आत्या केस विंचरल्याशिवाय कधी दार उघडत नाही. त्या दिवशी केस मोकळे होते आणि तिने एका हाताने भिंत धरली होती. ते बघूनही मी, काय सांगू, ठरलेलंच बोललो.

"आत्या, यांना जरा बटण दाबून दाखव ना."

"कोणतं?"

"अगं, 'मी ठीक आहे'चं. रोज दाबतेस ते."

"तीन दिवस नाही दाबलं," आत्या म्हणाली.

पाहुण्या अध्यक्षांनी का कोण जाणे खिशातून डायरी काढली आणि परत ठेवली.

"पण पान तर म्हणतंय, की सगळे..." हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. समोर माझी आत्या भिंत धरून उभी होती, आणि मी तिला पानाचा दाखला देत होतो.

"पहिल्या दिवशी चक्कर आली म्हणून राहिलं," ती म्हणाली. "काल राग आला म्हणून. आणि आज बघत होते."

"काय बघत होतीस?"

"किती दिवस लागतात ते."

दोन्ही अध्यक्ष जिन्याकडे सरकले. मी आत्याला धरून पलंगावर बसवलं. दंतवैद्यांनी धावत जाऊन रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. तो माणूस सल्ले काहीही देवो, धावतो मात्र मनापासून. दाब फार खाली गेला होता. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी येऊन गोळ्या बदलल्या, विश्रांती सांगितली, आणि घाबरण्याचं कारण नाही म्हणाले. माझं घाबरून झालेलं होतं.

दुपारी मी मुलीला फोन केला. त्यात पहिली पाच मिनिटं मी तिला नको ते बोललो. ही कसली भाषा, असल्या गोष्टी तुम्ही माणसांसाठी वापरताच कशा, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत्याआजीचा मजला काय भरलाय?"

"शून्य."

तिने ती मजल्याची ओळ माझ्याकडून वाचून घेतली. "बाबा, मजला भरलाय का, हे तुम्ही && लावून विचारलंत. तसं विचारलं की त्याला कोरा रकाना आणि शून्य एकच. दोन्हीला ते 'नाही' धरतं. म्हणून आजीचा अर्जच त्याने सोडून दिला. ती अट लावल्यापासून."

"एकच कसं असेल? कोऱ्या रकान्यात कोणी राहत नाही. शून्यावर माझी आत्या राहते!"

"मला माहितेय बाबा. त्याला माहीत नाही ना." तिचा आवाज बारीक झाला होता. "ही चूक सगळ्यांची होते. माझीसुद्धा झाली आहे."

"तुझ्या चुकीत आत्या नव्हती," मी म्हटलं. तिला रडू येत होतं हे मला कळलं. मला तिच्यावर ओरडल्याची लाज वाटली आणि तसं मी तिला सांगितलं. असं सांगायची मला सवय नाही.

ओळ दुरुस्त करायला चार मिनिटं लागली. रकाना कोरा आहे का, एवढंच तिने नेमकं विचारायला लावलं; शून्य असलं तर असू दे. इमारतीतल्या सगळ्यांना यादी दिसेल अशीही सोय केली, म्हणजे भिस्त माझ्या एकट्यावर नको. पण दुसरी एक चूक होती, ती संगणकात नव्हती. गेले तीन दिवस आत्या माझ्या पायांखाली, फक्त तीन मजल्यांच्या अंतरावर, एकटी पडून होती, आणि मी वर चहा पीत हिरवी ओळ वाचत होतो.

संध्याकाळी खाली जाऊन तिला सगळं खरं सांगितलं. शून्य, कोरा रकाना, कडक चिन्ह, सगळं. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तुझ्या यंत्राच्या हिशेबात मी नव्हतेच?"

"यंत्राच्या नाही. माझ्या चुकीमुळे."

"वॉर्डात आमच्याकडे प्रत्येक पलंगाला तक्ता असायचा," ती म्हणाली. "ताप, नाडी, औषध, सगळं त्यात. तरी सकाळी मी प्रत्येकापाशी जाऊन उभी राहायचे. तक्ता वाचायला नाही. त्या माणसाला कळावं, की कोणीतरी आलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शर्ट उलटा घातलायस."

दुसऱ्या दिवशी नऊला पानावर एकच नाव लाल होतं. आत्याचं. मी अर्धी दाढी तशीच ठेवून तीन मजले धावत उतरलो. दार उघडंच होतं. ती केस विंचरून बसली होती आणि समोर दोन कप चहा.

"बटण बिघडलं का?"

"छे. चांगलं आहे. दाबलं नाही." तिने एक कप पुढे सरकवला. "उजवा गाल राहिलाय."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्याने घड्याळजींनी बटण दाबणं सोडलं. त्यांना माणसाने येऊन वेळ विचारलेली आवडते. मग शिंपीकाकांनी सोडलं. महिनाअखेर सातही नावं रोज लाल, आणि मी नऊपासून साडेदहापर्यंत दारोदार. अध्यक्षांनी याला शिस्तभंग ठरवून सभा बोलावली, पण ठराव मांडायला उठले तेव्हा शिंपीकाका म्हणाले, "तुम्ही या की एक दिवस. बरं वाटतं." त्यावर अध्यक्ष खाली बसले. हल्ली गुरुवारी दुसरा मजला ते करतात. शेजारच्या इमारतीला आम्ही पानाबद्दल अजून काही कळवलेलं नाही.

गेल्या सोमवारी बायको दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती आणि मला सकाळी कणकणून ताप भरला. उठून खाली कळवावं असं वाटत होतं, पण फोन बाहेरच्या खोलीत वाजून वाजून थांबला आणि मला काही उठवेना. साडेनऊच्या सुमारास जिन्यात काठीचा आवाज आला. थांबत थांबत येत होता. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग दार वाजलं.

मी भिंत धरत जाऊन दार उघडलं. आत्या वरच्या पायरीवर बसली होती, काठी मांडीवर आडवी. दोन वर्षांत ती तळमजल्यावरून वर चढली नव्हती. श्वास लागला होता, केस मात्र विंचरलेले.

"आत्या, तीन मजले! वेड लागलंय का तुला?"

"नऊला आला नाहीस," ती दम घेत म्हणाली. "फोन केला, उचलला नाहीस. मग तुझं ते पान उघडलं. सगळी यादी बघितली. त्यात तुझं नावच नाही."

मी खाली वाकलो. तिने हात पुढे केला, मी तिला उठवलं, आणि कोण कोणाला धरतंय ते कळू न देता आम्ही दोघं आत आलो. तिने मला पलंगावर झोपवलं, कपाळाला हात लावला, माझं मनगट दोन बोटांत पकडलं आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. माझे डोळे भरून आले. मी तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"गप्प बस," आत्या म्हणाली. "मोजतेय."